बाबांच्या टेबलावरचा पांढरा कागद

मागच्या वर्षी जिना उतरताना शेवटची पायरी चुकली आणि माझा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी पाय खाली सोडायचा नाही असं सांगितलं तेव्हा पहिला विचार काय आला असेल तर, आता दीड महिना फोटो बंद. कारण तोपर्यंत माझ्यासाठी फोटोग्राफी म्हणजे कुठेतरी जाणं होतं. पहाटे उठा, बॅग भरा, डोंगर चढा, समुद्रावर जा, सूर्य वर यायच्या आत ट्रायपॉड लावून उभ्या रहा. आठ वर्षं हेच केलं होतं मी.

आणि त्या आठ वर्षांचे फोटो हार्ड डिस्कवर होते, पलंगावर पडल्या पडल्या सगळे बघून काढले, अकरा हजारांच्या वर. बघता बघता एक गोष्ट फार टोचली. यातला एकही फोटो मला मोठा करून भिंतीवर लावावासा वाटत नव्हता. लोक म्हणायचे काय भारी आलाय, पण भारी तो सूर्यास्त होता, तो डोंगर होता, मी फक्त तिथे पोचले होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुणीही तोच फोटो काढला असता. मध्ये दोनदा कॅमेरा बदलला, लेन्स घेतल्या, प्रीसेट (फोटोवर लावायची तयार रंगांची सेटिंग) घेतले, आणि प्रत्येक वेळी महिनाभर वाटलं की आता जमतंय आणि मग परत तेच.

आता बाबांबद्दल सांगते. बाबा रिटायर झाल्यापासून घड्याळं दुरुस्त करतात, जुनी, चावीची. तरुणपणी शिकले होते, मग नोकरीत सगळं मागे पडलं, आता दिवसभर तेच. खिडकीला लागून त्यांचं टेबल आहे. त्या खिडकीत थेट ऊन कधी येत नाही, नुसता उजेड येतो. माझी खुर्ची त्या टेबलासमोर होती, पाय स्टुलावर, मांडीवर कॅमेरा आणि त्याला पन्नास एमएमची लेन्स, कारण तीच सगळ्यात हलकी आणि मला उठून दुसरी आणता येत नव्हती. म्हणजे लेन्स एक, जागा एक, माणूस एक आणि खिडकी एक. झूम नाही. दोन पावलं मागे जायचीही सोय नाही.

पहिल्या दिवशी तासाभरात दोनशे फोटो काढले. एकही ठेवण्यासारखा नव्हता.

बाबा मान खाली घालून काम करतात, एका डोळ्याला भिंग लावलेलं, हातात चिमटा. मी आपली क्लिक क्लिक करत होते. संध्याकाळी सहज विचारलं की बाबा तुम्ही टेबल असं आडवं का लावलंय, खिडकीकडे तोंड करून का नाही बसत? ते म्हणाले, "अगं, समोरून उजेड आला की डोळे दिपतात. आणि मी उजव्या हाताने काम करतो, तर उजेड डावीकडूनच हवा, नाहीतर माझ्याच हाताची सावली कामावर पडते. मग स्क्रू दिसणार कसा?"

हे ऐकून मी गप्पच झाले. माझ्या आठ वर्षांत उजेड कुठून येतोय आणि सावली कुठे पडतेय हा प्रश्न मी असा रोखठोक कधी विचारलाच नव्हता. मला 'गोल्डन अवर' हा शब्द माहीत होता, ऊन पिवळं झालं की फोटो काढायचे एवढं माहीत होतं. पण या माणसाचं सगळं कामच उजेडावर अवलंबून होतं आणि त्यांनी खुर्ची ठेवताना तो विचार आधी केला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी कॅमेरा उचलायच्या आधी नुसती बघत बसायला लागले. सकाळी नऊला त्यांचा खिडकीकडचा गाल एकदम पांढरा आणि दुसरा जवळजवळ काळा. ढग आले की दोन्ही गाल जवळ येतात, नाकाची सावली मऊ होते, तिची कड विरघळते. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर ऊन आलं की खोलीत एक वेगळाच पिवळसर उजेड शिरतो, साधारण वीस-पंचवीस मिनिटं, मग जातो. टेबल खिडकीला अगदी चिकटून असलं की मागचं कपाट अंधारात बुडतं, आणि बाबा खुर्ची जरा आत सरकवून बसले की चेहऱ्यावरचा उजेड कमी होतो पण मग कपाट दिसायला लागतं कारण दोन्हींवरच्या उजेडातला फरकच कमी झालेला असतो. हे सगळं रोज माझ्या घरात होत होतं.

जगातला सगळ्यात जुना टिकलेला कॅमेऱ्याचा फोटो पण खिडकीतूनच काढलेला आहे, फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने, १८२६-२७ च्या सुमारास, धातूच्या पत्र्यावर डांबरासारखा थर देऊन. तो पत्रा इतके तास उजेडात ठेवावा लागला की त्यात इमारतींच्या दोन्ही बाजूंना ऊन पडलेलं दिसतं, सकाळचंही आणि दुपारचंही. आधी मी ते नुसतं माहिती म्हणून वाचलं होतं. खुर्चीत दिवसभर बसून उजेडाला फिरताना बघितल्यावर त्या पत्र्यावर काय साठलंय ते कळलं.

ज्यांच्याकडे आत्ता खिडकी आहे त्यांनी एक करून बघा, कॅमेरा नकोच. खिडकीजवळ उभं राहून स्वतःची मूठ डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू गोल फिरवा, मग तशीच धरून खोलीच्या आत चालत जा. बोटांच्या पेरांवरच्या सावल्या कशा लांब होतात, कडक होतात, मग मऊ होतात, ते बघा. चेहऱ्यावर तेच होतं. मी हे अजूनही कुठेही गेले तरी आधी करते.

आता त्या कागदाची गोष्ट.

साधारण तिसऱ्या आठवड्यात एक फोटो आला, मंगळवारी सकाळी, आणि तो बघून मी खरंच दचकले. बाबांचा चेहरा आतून उजळल्यासारखा. भिंगाच्या खालचा भाग, हनुवटीच्या खालचा, भुवयांच्या खालचे खड्डे, जिथे एरवी काळं असतं तिथे मंद उजेड. दुसऱ्या डोळ्यात एक छोटासा पांढरा ठिपका. मी खूश. बुधवारी त्याच वेळी, त्याच जागेवरून, तेच सेटिंग ठेवून काढला तर काहीच नाही, डोळे काळे, हनुवटी काळी, चेहरा थकलेला. गुरुवारी पण तसंच. मी आधी ढगांवर संशय घेतला, मग लेन्सची काच पुसली, मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बसले. खिडकीकडचा गाल दोन्हीत सारखाच उजळ होता! म्हणजे खिडकी तीच, आभाळ तेच. फरक फक्त सावलीच्या बाजूला होता आणि तो चांगला दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा होता. शिवाय बुधवारच्या फोटोत हनुवटीखाली किंचित हिरवट झाक होती, ती कुठून आली ते कळेना.

दुपारी बाबांच्या हातून एक स्क्रू पडला. घड्याळातले स्क्रू किती बारीक असतात ते पाहिलंय का, तिळापेक्षा लहान. टेबलावर गडद हिरवं कापड होतं, त्यावर तो दिसेना. बाबांनी कापड अलगद उचललं, झटकून बघितलं आणि ड्रॉवरमधून मोठा पांढरा कागद काढून टेबलावर पसरला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा उजळला, खालून कुणीतरी दिवा लावावा तसा.

कागदच होता तो. मंगळवारी टेबलावर पांढरा कागद होता, खिडकीचा उजेड त्यावर पडून उलटा चेहऱ्यावर जात होता. बुधवारी बाबांच्या डोळ्यांना पांढऱ्याचा त्रास व्हायला लागला म्हणून त्यांनी कापड टाकलं, तर कापडाने उजेड पिऊन टाकला आणि जो थोडा परत पाठवला तो हिरवा करून पाठवला. रिफ्लेक्टर म्हणतात ते हेच, माझ्याकडे घडीचा गोल चंदेरी रिफ्लेक्टर आहे सुद्धा, चार वर्षं कपाटावर पडलेला. पण प्रत्येक पांढरी वस्तू, प्रत्येक भिंत, जमीन, समोरच्याचा शर्ट, हे सगळे आपापल्या परीने उजेड फेकत असतात आणि आपला रंग त्यात मिसळत असतात हे मला त्या दुपारी दिसलं. वाचलं होतं आधी शंभर वेळा. दिसलं तेव्हा.

स्क्रू सापडला, बाबांच्या बाहीत अडकला होता.

बरं, सेटिंगबद्दल पण लिहायला हवं कारण उजेड दिसला तरी तो पकडता यायला पाहिजे. पांढरा कागद फ्रेममध्ये आला की माझे फोटो काळपट यायचे. कारण कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर कागद आहे की कोळसा हे माहीत नसतं, त्याला आपलं सगळं सरासरी करड्या रंगावर आणायचं असतं, त्यामुळे पांढरं जास्त असलं की तो फोटो गडद करतो आणि काळं जास्त असलं की फिका. मग मी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन प्लस एकवर ठेवायला लागले, म्हणजे मीटर सांगतं त्यापेक्षा मुद्दाम एक स्टॉप उजळ, आणि हिस्टोग्राम (फोटोत उजळ-गडद किती आहे त्याचा आलेख) बघायला लागले, म्हणजे कागद पूर्ण जळून जाणार नाही आणि चेहरा पण राहील. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढत असाल तर सावलीतलं बरंच परत मिळतं, पण एकदा पांढरं जळालं की तिथे काहीच उरत नाही, म्हणून नजर उजळ बाजूवर ठेवायची.

दुसरं म्हणजे मला आयएसओची, कमी उजेडात फोटो उजळ यावा म्हणून वाढवतात त्या आकड्याची, भीती होती. चारशेच्या वर गेलं की फोटो खराब होतो असं डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे खोलीत शटर सेकंदाच्या साठाव्या नाहीतर तिसाव्या भागाइतकं संथ यायचं आणि बाबांचा चिमटा प्रत्येक फोटोत हललेला. शेवटी आयएसओ सोळाशे केला, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ ४ आणि शटर एक भागिले अडीचशे, आणि चिमट्याचं टोक स्वच्छ आलं. दाणे आले थोडे, येऊ देत. दाणेदार फोटोकडे माणूस बघतो हो, हललेला चिमटा बघवत नाही.

आणि एफ १.८ चं वेड. एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं. मागचं सगळं धूसर झालं की फोटो प्रोफेशनल दिसतो असं वाटायचं. पण फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर पन्नासच्या लेन्सने एक मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम चार सेंटीमीटर खोलीचा पट्टा शार्प येतो. चिमट्याचं टोक धरलं तर भिंग गेलं, भिंग धरलं तर घड्याळ गेलं. आणि गोष्ट तर त्या दोघांमधल्या दहा सेंटीमीटरच्या अंतरातच होती, डोळा आणि घड्याळ. एफ ५.६ केल्यावर तो पट्टा बारा-तेरा सेंटीमीटर झाला आणि दोन्ही मावले. त्या दिवसापासून मी ॲपर्चर ठरवताना आधी स्वतःला विचारते की या फोटोत कायकाय नीट दिसलंच पाहिजे, मग आकडा. ऑटोफोकस पण डोळा शोधायचा आणि भिंगामुळे गोंधळायचा, म्हणून एकच पॉइंट ठेवून मीच सांगायला लागले की इथे.

एक भांडणही झालं, छोटंसं. बाबांच्या टेबलावर पिवळा दिवा आहे. खिडकीचा उजेड निळसर आणि दिव्याचा केशरी, फोटोत अर्धा चेहरा निळा आणि अर्धा भगवा, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायचं सेटिंग) कुठेही ठेवा एक बाजू बिघडणारच. मी म्हटलं बाबा पाच मिनिटं दिवा बंद करा ना. ते वर न बघता म्हणाले, "मग मी काम काय चाचपून करू?" मला राग आला. रात्री विचार केला तेव्हा पटलं की बरोबर आहे त्यांचं, मी एका काम करणाऱ्या माणसाचे फोटो काढतेय आणि त्यालाच काम थांबव म्हणतेय. नंतर मी दिव्याला हात लावला नाही. ज्या वेळी खिडकीचा उजेड पुरेसा असायचा तेव्हा ते स्वतःच दिवा बंद करायचे, ती वेळ मी ओळखायला लागले आणि त्या वेळेची वाट बघायला लागले.

वाट बघण्यातूनच दुसरी गोष्ट हाती लागली. घड्याळात बॅलन्स व्हील म्हणून एक चाक असतं, केसासारखी बारीक स्प्रिंग असलेलं, ते जागेवर बसलं आणि बाकी सगळं नीट असलं की घड्याळ एकदम चालू होतं. ते बसवायच्या आधी बाबा श्वास रोखतात. त्यांना स्वतःला माहीत नव्हतं हे. खांदे थोडे वर जातात, डावा हात टेबलाच्या कडेला टेकतो, ओठ मिटतात, आणि मग दोन-तीन सेकंद सगळं स्थिर. घड्याळ सुरू झालं की खांदे खाली येतात. पहिल्या आठवड्यात मला हे दिसलंच नाही, मी घड्याळ चालू झाल्यावर क्लिक करायचे, म्हणजे गोष्ट संपल्यावर. पंधरा-वीस वेळा बघितल्यावर खांदे हलले की माझं बोट बटणावर जायला लागलं. लोक म्हणतात क्षण पकडला, पण तो क्षण येताना आधी ओळखता यावा लागतो आणि त्यासाठी त्या माणसाला, त्या कामाला खूप वेळा बघावं लागतं. बर्स्ट मोडने, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढून हे भागत नाही, मी करून पाहिलं, तीस फोटोंमध्ये ते थांबणं कुठे आहे हे शोधायला पण आधी ते माहीत असावं लागतं.

अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सल ॲडम्सचा एक किस्सा मला याच संदर्भात आठवतो. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्यांना दिसलं की चंद्र वर आलाय आणि खाली स्मशानातल्या पांढऱ्या क्रूसांवर शेवटचं ऊन आहे. गाडी थांबवली, मोठा कॅमेरा लावला, पण लाइट मीटर सापडेना. चंद्राची प्रखरता किती असते तो आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून मनातल्या मनात एक्सपोजर काढलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. यात नशिबाचा भाग आहेच. पण तो आकडा पाठ व्हायला त्याआधी कितीतरी वर्षं गेली असणार, आणि माझा जीव तिथे अडकतो.

आणि झेक फोटोग्राफर योझेफ सुडेक. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला, तरी एका हाताने मोठमोठे कॅमेरे सांभाळले. १९४० पासून पुढे कित्येक वर्षं त्यांनी प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढले, काचेवर दव, बर्फ, ओघळ, पलीकडे एक वाकडं झाड. प्लास्टर असताना मी ते फोटो रोज बघायचे. खिडकी तीच, पण एका फोटोसारखा दुसरा नाही. मला त्यातून फार धीर आला.

सहा आठवड्यांत साधारण चौदाशे फोटो झाले. सगळ्यात अवघड काम त्यानंतरचं होतं, निवडायचं. मी चाळीस फोटोंच्या पोस्टकार्डएवढ्या प्रिंट काढल्या आणि कपाटाच्या दारावर चिकटवल्या, येता जाता दिसतील अशा. स्क्रीनवर जे आवडलेले त्यातले निम्मे तीन दिवसांत कंटाळवाणे झाले. जो फोटो नुसता सुंदर होता तो लवकर शिळा झाला. काही साधे वाटलेले मात्र दारावर टिकून राहिले. रोज एक-दोन काढत गेले. बाबांनी पण बघितले, त्यांचे निकष वेगळेच, "यात मी चिमटा चुकीचा धरलाय, हा काढ." मी म्हटलं बाबा उजेड किती छान आहे यात, तर म्हणाले, "असेल, पण असं धरलं तर स्प्रिंग तुटते." मी तो काढला. त्यांच्या कामाच्या फोटोत काम चुकीचं दिसत असेल तर उजेडाला काय करायचंय. शेवटी नऊ उरले. नवातले तीन आता मोठे करून भिंतीवर आहेत, आणि ते माझे आहेत असं मला वाटतं.

प्लास्टर निघालं, काठी घेऊन बाहेर पडायला लागले तेव्हाची एक सकाळ सांगते. एका इमारतीला पांढरा रंग देणं चालू होतं, अर्धी भिंत जुनी काळवंडलेली, अर्धी नुकती रंगवलेली, आणि तिच्यावर समोरून ऊन. भिंतीसमोरच्या सावलीतल्या फुटपाथवरून लोक जात होते. काळ्या भागासमोरून येताना सगळ्यांचे चेहरे साधे, आणि पांढरा भाग सुरू झाला की एकेक चेहरा उजळत होता, आठ-दहा पावलं, मग परत विझत होता. मी तिथेच थांबले. कागदच होता तो, फक्त तीन मजली. पाऊण तास उभी होते, पाय दुखायला लागला तरी, आणि फक्त बारा फोटो काढले. त्यात एक आजोबा आहेत, नातवाला कडेवर घेतलेले, ते बरोबर त्या रेषेवर पोचलेत जिथे भिंतीचा रंग बदलतो. नातू उजेडात गेलाय, आजोबांचा चेहरा अजून निम्मा इकडे आहे. त्यांना थांबवून फोटो दाखवला, त्यांनी बराच वेळ बघितला आणि पाठवायला सांगितलं.

डोंगरावर मी अजूनही जाते, मला आवडतं. पण आता आठवड्यातून दोन-तीन सकाळी त्या खुर्चीत बसतेच, तीच लेन्स घेऊन. परवा बसले तर बाबांनी भिंग डोळ्याला लावलं, एक घड्याळ उघडलं, मग थांबले, भिंग काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आज कागद ठेवू का कापड?"

मी म्हटलं, "तुम्हाला कशावर बरं पडतं?"

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, ढग होते. ड्रॉवर उघडून त्यांनी कागद काढला.